गाण्याचा परवाना आणि घराचा पत्ता

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा दूरचे गाणे घरबसल्या ऐकू इच्छिणाऱ्या गृहस्थाला वर्षाकाठी दहा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. आणि तो घेतल्यावरही काय ऐकावे याचा अखत्यार त्याच्याकडे येत नसे. १९३० साली कंपनीचे दिवाळे वाजले, प्रक्षेपण सरकारजमा झाले, परंतु श्रोत्याचा दर्जा पालटला नाही. पुढे १९५२ पासून नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटी चित्रपटगीतांविषयी हात आखडता घेतला, तेव्हा श्रोत्यांनी मुकाट्याने सुई फिरवून रेडिओ सिलोन गाठले. आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, हा श्रोत्यांनी अर्ज न करता जिंकलेला दावाच म्हटला पाहिजे.

कॅसेटने मात्र श्रोत्याला मालकी दिली. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, आणि पुढे मुंबईतील चाळी सोडून वाशी-नेरुळकडे आलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी नाट्यगीतांच्या नि मैफलींच्या कॅसेटीही सामानाबरोबर आणल्या. आज त्या फिती संगणकात उतरवून, घरातल्या घरात नॅव्हिड्रोमसारखी मोफत प्रणाली चालवून, स्वतःचेच लहानसे केंद्र उभारणारे रसिक आढळतात. घरात ते केंद्र उत्तम चालते. लोकलने खाडी ओलांडताना तेच गाणे मोबाइलवर मागवावे, तर उत्तर येत नाही.

कारण शोधू गेल्यास ते पत्त्यांच्या दुष्काळात सापडते. जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते सुमारे ४२९ कोटीच असून एप्रिल २०११ मध्ये आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा जवळपास संपला. म्हणून पुष्कळ कंपन्या अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवितात, जणू एका वाड्याच्या दिंडीआड बिऱ्हाडे असावीत आणि बाहेरच्याने नेमके कोणाला हाक मारावी हे दिंडीवरच्याला ठाऊक नसावे. ज्या नगरीत सिडकोने प्रत्येक इमारतीला सेक्टर आणि भूखंडाचा क्रमांक नेमून दिला, जिच्या महापे-ऐरोली पट्ट्यात भल्यामोठ्या संगणक-कोठारांच्या इमारती उभ्या आहेत, तिथल्याच सदनिकेला जाळ्यावर स्वतःचा पत्ता नसावा, हा विरोधाभास नियोजनकारांच्या कल्पनेपलीकडचा होता.

यावर तोड आहे. २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात सामील झालेल्या वायरगार्डने कूटबद्ध बोगदा बांधता येतो: घरचा संगणक आपणहून बाहेरच्या एखाद्या मध्यस्थ यंत्राकडे जोडणी उघडी ठेवतो, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे तोच मोबाइल त्या वाटेने आत शिरतो. टेलस्केलसारखी सेवा हीच मध्यस्थी सोपी करून देते. स्वतंत्र पत्ता असेल तर मध्यस्थाची गरज उरत नाही. तरी राउटरचे दार सरसकट जगाला उघडे टाकणे हा मात्र निव्वळ अविवेक होय.

ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी यंत्रसामग्री घेण्यापूर्वी आपल्या पुरवठादाराकडे आयपीव्ही६ पद्धतीचा पत्ता मिळतो की नाही याची विचारणा करावी. त्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, आणि तो मिळाला तर निम्मे काम तिथेच संपते.