मोटारीच्या दिव्यांचा अंधार

जुनी मोटार हौसेनें सांभाळणाऱ्या गृहस्थाची खरी परीक्षा दिवस मावळल्यावर होते. यंत्र सुरळीत चालतें, रंग आरशासारखा चकाकतो. परंतु पुढच्या दिव्यांचा उजेड निरांजनाएवढाच पडतो. बल्ब बदलला तरी तोच प्रकार. अशा वेळीं दोष शोधावयाचा तर या दिव्यांपर्यंत वीज कोणत्या वाटेनें आली, हें थोडें मागें जाऊन पाहावें लागतें.

आरंभींच्या मोटारींत वीज होती ती ठिणगीपुरती. उजेड असिटिलीनचा. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकावयाचें, निघालेला वायु रबरी नळीनें दिव्यांत न्यावयाचा आणि काडी ओढून पेटवावयाचा. खटाटोप मोठा, पण नळी फाटली तर वास येई, पाणी संपलें तर ज्योत बसे. दोष नाकाडोळ्यांना कळत असे. विजेनें ही सोय नाहींशी केली.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर, बॅटरी व दिवे यांची एकत्र जुळणी केली. फोर्डनें आपल्या मॉडेल टी गाडीला १९१५ मध्यें विजेचे पुढचे दिवे दिले, परंतु त्यांना वीज मिळे ती यंत्राच्या चाकांतील मॅग्नेटोपासून थेट. यंत्र मंद झालें कीं दिवे मंद. वेग फार वाढला कीं बल्ब जळून जावयाचे. शिवाय दोन्ही दिवे एकाच प्रवाहांत एकापुढें एक जोडलेले, म्हणून एक गेला कीं दुसराही मालवे. जेथें खांचखळगे, तेथेंच उजेडाची गरज अधिक, आणि गाडीही तेथेंच हळू चालावयाची!

बॅटरीनें ही अडचण दूर केली. मात्र कारखानदारांनीं एक काटकसर रूढ केली: दिव्याकडे जाणारी तार एकच, आणि परतीची वाट गाडीच्या पत्र्यांतून. तांबें वांचलें, पण पत्र्याचा गंज त्या दिवसापासून विजेच्या वाटेंतला भागीदार झाला.

ऑक्टोबर १९४८ मध्यें लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत मांडलेली, अलेक इसिगोनिस यांची मॉरिस मायनर याचें चांगलें उदाहरण आहे. तिचे दिवे आरंभीं खालीं, जाळीलगत होते. अमेरिकन नियमांपायीं ते पुढें मडगार्डांवर चढले आणि चाकानें उडविलेल्या चिखलाच्या माऱ्यांत सांपडले. तिच्या तारांची भाषा ल्यूकस कंपनीच्या रंगांची आहे. समोरच्या फळीवरील बटणापासून निळी तार पायाखालच्या बटणाकडे जाते. तेथून निळी-पांढरी दूरच्या झोताकडे व निळी-तांबडी खालच्या झोताकडे. आणि दिव्यापासून काळी तार पत्र्याला मिळते.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं रंगांचा हा माग धरावा. दोन्ही दिव्यांचा एकच झोत गेला असेल तर संशय पायाखालच्या बटणावर घ्यावा. त्याच्यावर बुटांची माती आणि पाणी नेहमींच पडत असतें. दोन्ही झोत गेले तर वरचें बटण तपासावें. परंतु एकच दिवा मलूल असेल तर बहुधा काळ्या तारेच्या टोकाला गंज सांपडतो. दिवा लावून, बल्बच्या पत्र्याकडील बाजू आणि बॅटरीचें पत्र्याला जोडलेलें टोक यांमध्यें व्होल्टमापक धरावा. कांटा शून्याजवळच राहिला पाहिजे. बारांपैकीं सव्वा व्होल्ट वाटेंत हरवला तरी उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटतो! दुकानदार मात्र बल्ब विकतो, आणि आपणही तो घेतों.

मायनरच्या पुढच्या दिव्यांना फ्यूज नाहीं. याला निष्काळजीपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तें पूर्ण पटत नाहीं. दोहोंना मिळून एकच फ्यूज असता आणि तो जळता, तर भर वेगांत दोन्ही दिवे एकदम मालवते. परंतु तारेचें आवरण घांसून ती पत्र्याला टेकली, तर अडविणारें कोणीच नाहीं. तार तापते आणि शेजारच्या तारांनाही जाळते. त्यांतून आज हौशी मंडळी चाळीस-पंचेचाळीस वॅटच्या जागीं साठ वॅटचा हॅलोजन बल्ब बसवितात. जुन्या बटणाला तो भार पेलत नाहीं. त्यापेक्षां बॅटरीपासून जाड तार रिलेमार्फत दिव्यांकडे न्यावी, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज द्यावा आणि जुन्या बटणाकडे केवळ हुकूम देण्याचें काम ठेवावें. हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार अवश्य सोडावी.