लठ्ठपणाची शस्त्रक्रिया: वजनाआधी शुगर कशी उतरते?

लठ्ठपणाचे ऑपरेशन म्हणजे पोटावरची चरबी काढणे, असे आपल्याकडे अनेकजण समजतात. ते ऑपरेशन वेगळे. 2004 साली अमेरिकेत काही लठ्ठ महिलांच्या पोटाची सुमारे 10 किलो चरबी शोषून काढली, तरी त्यांच्या शरीरात इन्शुलिनचे काम सुधारले नाही. खरा फरक पडतो तो जठर आणि आतड्यावरच्या शस्त्रक्रियेने, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीने.

हिचे दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात.

आता गंमत अशी की, अनेक रुग्णांची शुगर काही दिवसांतच उतरू लागते; वजन तर अजून तसेच असते. सुरुवातीला खाणे फार कमी होते, हे एक कारण. दुसरे म्हणजे अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते आणि तिथून जीएलपी-1 हे संप्रेरक जास्त स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि मेंदूला सांगते, बस, पोट भरले. आजकाल गाजणारी वजनाची इंजेक्शने याचीच नक्कल करतात. भूक वाढवणारे घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. पुढे यकृतातली चरबीही घटते.

नुसत्या डाएटने वजन उतरले की घ्रेलिन उलट वाढते, माणूस भुकेने हैराण होतो. लठ्ठ माणसाला "तोंडावर ताबा नाही" असे टोमणे मारताना आपण हे विसरतो. वर्गात एखाद्या मुलाला "जाड्या" म्हणून चिडवले जाते तेव्हा आम्ही शिक्षकही कित्येकदा हसण्यावारी नेतो, हेही कबूल करायला हवे.

क्लीव्हलँड क्लिनिकने मधुमेहाच्या 150 रुग्णांवर अभ्यास केला. 5 वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर 6 किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपासमध्ये 29 टक्के, स्लीव्हमध्ये 23 टक्के, फक्त औषधांवर 5 टक्के. म्हणजे फायदा मोठा, पण सगळ्यांना नाही. काहींचा मधुमेह परतही येतो.

बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते, रक्त तपासत राहावे लागते. सुरुवातीचे महिने पाणीही घोट घोट, दिवसभर प्यायचे असते. म्हणून रमजानचे रोजे धरण्याआधी सर्जनला विचारावेच, आणि शुगरच्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत.