हिरवळीखालची पांढरी

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या नैर्ऋत्येला 13-14 किलोमीटरवर विंपोल हॉल हा जुन्या जमीनदारांचा वाडा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास थॉमस चिचली याने तो बांधायला घेतला. बहुतेक लोक तेथे ग्रंथालय, दिवाणखाने आणि उपवन पाहायला जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आधी भोवतालचे गवत पाहावे. ऊन तिरपे असले, की त्या गवतात समांतर लाटा उठून दिसतात. आपल्या सरी-वरंब्यासारख्याच त्या असतात, पण कितीतरी रुंद. मध्ययुगीन कुळांच्या नांगरांनी वर्षानुवर्षे माती पट्टीच्या मध्याकडे पलटली, त्याचे हे उंचवटे.

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात: वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी. विंपोलला ही दोन्ही हिरवळीखाली गेली आहेत. जागीरीच्या 1638 च्या नकाशात वाड्याभोवती वस्त्या आणि शेतांच्या पट्ट्या दिसतात. पुढे उपवन वाढत गेले, तशा या वस्त्या टप्प्याटप्प्याने उठल्या. अठराव्या शतकात एडवर्ड हार्ली याच्यासाठी चार्ल्स ब्रिजमनने दोन मैलांहून लांब वृक्षवीथी आखली. हार्ली कर्जात बुडाला आणि 1740 मध्ये जागीर फिलिप यॉर्ककडे गेली. त्याच्या वारसांच्या काळात ‘केपेबिलिटी’ ब्राउनने तळी आखली आणि टेकडीवर पडक्या किल्ल्याचा देखावा उभारला. खरे गाव पुसले गेले होते. पाहुण्यांना दाखवायला खोटे अवशेष मात्र मुद्दाम बांधले गेले.

तिसऱ्या अर्लला शेतीसुधारणेचा ध्यास होता. त्याने 1794 मध्ये जॉन सोन या नामवंत वास्तुकाराकडून आदर्श शेतवाड्याचा आराखडा करून घेतला. गवताने शाकारलेले त्याचे मोठे कोठार आजही उभे आहे. तेथे शेती चालू आहे आणि दुर्मीळ होत चाललेल्या जातींच्या मेंढ्या, डुकरे व गुरे पाळली जातात.

या वाड्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 1938 मध्ये तो विकत घेणाऱ्या दांपत्यातील एल्सी बॅम्ब्रिज ही रुडयार्ड किपलिंगची मुलगी. किपलिंगचा जन्म 1865 चा, मुंबईतला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. वडिलांच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून एल्सीने रिकामा पडलेला वाडा सजवला आणि 1976 मध्ये मृत्यूपश्चात तो नॅशनल ट्रस्टकडे गेला. म्हणजे सिवनीच्या रानातल्या मोगलीच्या कमाईचाही या दिवाणखान्यांत वाटा आहे.

मालकांची नावे दप्तरांत आणि भिंतींवरच्या तसबिरींत सुरक्षित राहिली. कुळांच्या श्रमाची नोंद जमिनीने ठेवली. जेथे पुढेही शेती चालू राहिली, तेथे नव्या नांगरांनी जुने उंचवटे मोडले. येथे उपवन झाले, नांगर थांबला, म्हणून ते टिकले. ज्या हिरवळीने गाव उठवले, तिनेच त्याच्या शेतांचा ठसा जपला आहे. विंपोलला गेल्यावर वाड्याची दालने जरूर पाहावीत. पण त्याआधी घटकाभर त्या गवतात उभे राहावे.