ओव्याच्या फुलाची कुळकथा

डेल्फ्ट येथील कापडव्यापारी अंतोनी व्हान लेव्हनहुक याने सन 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस धाडलेल्या पत्रात, स्वतःच्या दातांवरील पांढऱ्या लेपात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन तर केलेच, परंतु सिरक्याने चूळ भरली असता लेपाच्या बाह्यांगावरील जीव तेवढे मरतात व आतले सुखरूप राहतात, हेही नमूद करून ठेवले. जीवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्याचा कोट उभारून त्याच्या आश्रयाने नांदतात, ही आज ‘बायोफिल्म’ या नावाने सर्वश्रुत असलेली गोष्ट कॅनडातील कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1978 च्या लेखानंतर शास्त्रज्ञांत रुजली. म्हणजे त्या निरीक्षणाचा पुरता अर्थ लागावयास सुमारे तीन शतके जावी लागली.

या कोटात शिरणारे एक द्रव्य आपल्या आजीबाईंच्या बटव्यात मात्र केव्हाचेच होते. ओव्याचा अर्क निवला म्हणजे जे स्फटिक सुटतात, ते ‘ओव्याचे फूल’ उज्जैनच्या बाजूस तयार होऊन पंसाऱ्यांकडे विकले जाई. बर्लिनच्या कास्पार नॉयमान याने थाइम वनस्पतीच्या तेलातून 1719 मध्ये मिळविलेले थायमॉल ते हेच.

सेंट लुइसचे डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी 1879 मध्ये थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल व मेथिल सॅलिसिलेट ही तैलद्रव्ये मद्यार्कात विरघळवून जो द्राव सिद्ध केला, त्यास शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांच्यावरून ‘लिस्टरीन’ हे नाव मिळाले. तो मुळात शल्यवैद्यांसाठी होता. 1895 च्या सुमारास तो दंतवैद्यांकडे आला आणि 1914 पासून सर्वसामान्यांस दुकानात मिळू लागला. पुढे मुखदुर्गंधीची धास्ती घालून त्याचा खप वाढविण्यात आला, ते प्रकरण मला औषधाच्या इतिहासापेक्षा जाहिरातीच्या इतिहासात शोभेलसे वाटते.

थायमॉलचा रेणू लहान व स्निग्ध द्रव्यात सहज मिसळणारा असल्यामुळे तो लेपात मुरतो आणि जीवाणूच्या पेशीपटलात घुसून ते असे विसविशीत करतो, की आतले पोटॅशियम पाझरू लागते. दातांवर एकदा टणक झालेल्या किटणापुढे त्याचे काही चालत नाही, आणि घासण्याची मेहनतही वाचत नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा पोत्यापोत्यांनी जर्मनीस रवाना होई व तेथे त्याचे थायमॉल निघे. 1914 मध्ये तो मार्ग बंद झाल्यावर ऊर्ध्वपातनाचा उद्योग इकडे सुरू झाला खरा, पण पुढे रसायनशाळांनी ते क्रेसॉलपासून बनविण्याची युक्ती साधली, तेव्हा ओव्याचा तो व्यापारही ओसरला.