चिठ्ठी चुकली, शोध चुकला नाही

गोठित वीर्याचा इतिहास सांगताना १९४९ सालची चुकीच्या चिठ्ठीची गोष्ट हमखास निघते. लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचं वीर्य गोठवत होते. साखरेचं समजून वापरलेल्या जुन्या द्रावणात शुक्रजंतू उणे ७९ अंशांतूनही जिवंत निघाले. नव्याने केलेलं साखरेचं द्रावण मात्र निकामी ठरलं. तेव्हा जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेला थोडासा द्रव तपासला, तर त्यात साखर नव्हतीच, होतं ग्लिसरॉल. याला निव्वळ नशीब म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं : चूक बाटलीवर होती, पण ती शोधून काढायची चिकाटी माणसांत होती.

कोंबड्यावर लागलेल्या या शोधाने पुढे वळूला गाव आणि काळ या दोन्ही दाव्यांतून सोडवलं. त्याआधी अंड्याच्या बलकात वीर्य काही दिवसच टिके. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने पुढे गोठित वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेलं. गोठित वीर्याची कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली, की काम सुरू. यामुळे संकर बोकाळला आणि देशी गाई मागे पडल्या, हा आक्षेप खोटा नाही. पण वळू निवडतो माणूस, नायट्रोजन नव्हे. त्याच भांड्यात डांगी आणि देवणी या देशी जातींचं बीजही तितकंच सुरक्षित राहतं.