एअर इनटेक, आफ्टरमार्केट (टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडसाठी)

एअर इनटेक : बाहेरची हवा ओढून, गाळून, मोजून थ्रॉटलपर्यंत नेणारी गाडीतील जोडणी. पुढच्या जाळीमागचे तोंड, एअरबॉक्स, त्यातला फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर आणि रबरी किंवा प्लास्टिकची नळी असे तिचे भाग असतात. कारखान्यातून आलेली ही जोडणी किंवा तिचा काही भाग काढून दुसऱ्या कंपनीचा संच बसवला, की त्याला आफ्टरमार्केट इनटेक म्हणतात. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस गाडीत पहिला बदल बहुधा हाच करतो. दहाचा पाना, पेचकस आणि तासभर वेळ एवढ्यावर काम होते, आणि बॉनेट उघडले की केलेला बदल लगेच नजरेत भरतो.

येथे विचार केला आहे तो टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून घडवलेल्या, २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या जोडगोळीच्या पहिल्या पिढीचा. टोयोटातर्फे तेत्सुया तादा या प्रकल्पाचे मुख्य अभियंते होते. दोन्ही गाड्या सुबारूच्या गुन्मा येथील कारखान्यात तयार होत. अमेरिकेत टोयोटाची आवृत्ती सुरुवातीला सायन एफआर-एस या नावाने विकली गेली. इंजिन चार सिलिंडरचे, आडवे म्हणजे ‘बॉक्सर’, १९९८ सीसीचे. बोअर ८६ मिमी, स्ट्रोकही ८६ मिमी, कॉम्प्रेशन १२.५ : १. टर्बो नाही. ७,००० आरपीएमला २०० पीएस. टर्बो नसल्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कोंबणारे कोणी नाही; वातावरणाच्या दाबाने जी आत येईल तीच हवा. म्हणून इनटेक बदलल्याने या इंजिनाला किती फायदा होईल, याची वरची मर्यादा कागदावरच काढता येते, आणि खरेदीआधी ती काढावी.

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाइतकी हवा घेते. दोन लिटरच्या इंजिनाला फेरीमागे एक लिटर, म्हणजे ७,००० आरपीएमला मिनिटाला ७,००० लिटर. साध्या तापमानाला लिटरभर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरले, तर सेकंदाला १४० ग्रॅमच्या आसपास हवा त्या नळीतून जाते. एवढी हवा वाटेत अडते, तेव्हा दाब थोडा पडतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो, त्यामुळे इनटेकमधला एक किलोपास्कल अडथळा म्हणजे जेमतेम एक टक्का हवा. नव्या संचाने दोन किलोपास्कल वाचवले, तर २०० पीएसमध्ये चार पीएसची भर पडेल. धावत्या गाडीच्या वेगामुळे हवा आपोआप आत दाबली जाते, असे संचाच्या खोक्यावर लिहिलेले असते. तेही तपासून पाहावे : ताशी १०० किमी वेगाला समोरच्या हवेचा दाब अर्धा किलोपास्कलही भरत नाही.

अडथळ्यापेक्षा तापमानाचा परिणाम मोठा असतो, आणि निवडीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. हवा तापली की विरळ होते. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांची झाली, तर तेवढ्याच जागेत ती ९ टक्के कमी मावते. सिलिंडरपर्यंत जाताना हवा तशीही तापते, त्यामुळे ताकदीतला तोटा पूर्ण ९ टक्के होत नाही. पण निम्मा धरला तरी आठ-नऊ पीएस गेले. शिवाय १२.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात तापलेल्या हवेने नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याची, शक्यता वाढते. ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा देतो आणि आणखी थोडी ताकद जाते. कारखान्याच्या इनटेकचे तोंड रेडिएटरच्या वर, गाडीच्या अगदी पुढे आहे. बाहेरची ताजी हवा बंद पेटीतून फिल्टरपर्यंत पोहोचते. ही पेटी काढून चकचकीत ॲल्युमिनियमच्या नळीच्या टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर लावला, तर अडथळा कमी होतो. मात्र तो फिल्टर रेडिएटरमागची, एक्झॉस्टने तापलेली हवा ओढतो. सिग्नलला पाच मिनिटे गाडी उभी ठेवून बॉनेट उघडावे आणि त्या नळीला हात लावावा. दोन सेकंदांत हात मागे घ्यावा लागतो. कारखान्याची प्लास्टिकची पेटी त्याच वेळी कोमट लागते.

डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मात्र हाच उघडा फिल्टर बाजी मारतो. डायनोवर बॉनेट बहुधा उघडे असते आणि समोर मोठा पंखा लावलेला असतो, त्यामुळे फिल्टरला खोलीतली गार हवा मिळते. रस्त्यावर बॉनेट बंद असते. म्हणून विक्रेत्याने डायनोचा आलेख दाखवला, तर बॉनेट उघडे होते की बंद, हा पहिला प्रश्न विचारावा. त्याला उत्तर देता आले नाही, तर त्या आलेखावर पैसे खर्चू नयेत.

दुसरा, अधिक नाजूक प्रश्न हवा मोजण्याचा. या गाड्यांमध्ये मास एअरफ्लो सेन्सर आहे. फिल्टर ओलांडून आलेल्या हवेच्या वाटेत त्याचे छोटेसे बोट उतरलेले असते, आणि त्या बोटात एक बारीक घटक वीज देऊन तापवलेला असतो. जाणारी हवा त्याला गार करते. त्याचे तापमान टिकवायला जितकी वीज लागते, तितकी हवा गेली असे संगणक मानतो. पण सेन्सरला दिसते ती नळीच्या मधल्या छोट्या भागातून जाणारी हवा. उरलेल्या हवेचा हिशेब नळीच्या व्यासावरून ठरलेला असतो, आणि तो व्यास संगणकाच्या तक्त्यात कायमचा लिहिलेला असतो. समजा जिथे सेन्सर बसतो तिथली नळी ७० मिमीची होती आणि नव्या संचात ती ७५ मिमीची आली. क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, त्या प्रमाणात वेग घटला, आणि संगणकाला खरी हवा १३ टक्के कमी दिसू लागली. तो त्या मानाने पेट्रोलही कमी सोडतो. पेट्रोलच्या मिश्रणाचे आदर्श प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असे आहे, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिनाला त्याहून जास्त पेट्रोल हवे असते. तिथे मिश्रण कोरडे पडले, तर उष्णता आणि नॉकिंग दोन्ही वाढतात. संथ गतीला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडून पेट्रोल वाढवतो. ती दुरुस्ती हाताबाहेर गेली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रण कोरडे, हा कोड येतो.

यावर मार्ग दोन. सेन्सरच्या जागी मूळ व्यास आणि सेन्सरची मूळ खोली जशीच्या तशी राखणारा संच घ्यावा, किंवा संच बदलला की संगणकाचा तक्ताही जाणत्या ट्यूनरकडून बदलून घ्यावा. ट्यूनिंग करायचेच नसेल, तर पहिल्याला पर्याय नाही. व्यास सारखा असूनही सेन्सरच्या आधी नळीला तीव्र वळण असले, तर हवा एका कडेने धावते आणि सेन्सर चुकतो. कारखान्याच्या बऱ्याच एअरबॉक्समध्ये सेन्सरआधी मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते. हवेची वाट सरळ करणे हेच तिचे काम. ‘अडथळा’ म्हणून ती काढणारे आपल्याच हाताने मोजमाप बिघडवतात.

बाजारात मिळणारे संच चार जातींचे. मूळ पेटीतच बसणारा जास्त मोकळा फिल्टर. बॉनेटखालचा उघडा, आखूड नळीचा संच. बंपरमागे खाली उतरणारा लांब नळीचा ‘कोल्ड एअर’ संच. आणि मूळ पेटीपेक्षा मोठी, झाकणाची, पुढून हवा घेणारी बंद पेटी. रोज चालवल्या जाणाऱ्या, ट्यून न केलेल्या ८६साठी पहिला पर्याय पुरेसा आहे. ट्रॅकवर नेणाऱ्याने आणि एक्झॉस्ट व ट्यूनिंगसह पुढे जाणाऱ्याने बंद पेटीचा विचार करावा. या इंजिनाला साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान टॉर्कमध्ये खड्डा आहे आणि मालकांची मुख्य तक्रार तीच असते. केवळ इनटेक बदलून तो बुजत नाही. एक्झॉस्टचा हेडर आणि ट्यूनिंग यांनी तो बराच भरून निघतो. दुसऱ्या पिढीत उत्पादकांनी इंजिनच २.४ लिटरचे केले, तेव्हा प्रश्न मिटला.

लांब नळीच्या संचाला पाण्याची भीती असते. फिल्टर रस्त्यापासून वीतभर उंचीवर येतो. साचलेल्या पाण्यात तो बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी जुलैत गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. काही कंपन्या नळीच्या मध्ये पाणी आल्यावर उघडणारा बायपास व्हॉल्व्ह देतात. पावसाळी प्रदेशात असा संच घ्यायचाच, तर त्या व्हॉल्व्हसह घ्यावा.

फिल्टरच्या कापडाबद्दल. कारखान्याचा कागदी फिल्टर धूळ फार चांगली अडवतो. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर कॅलिफोर्नियातील के अँड एन या कंपनीने गाजवला. १९६९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी मूळची मोटारसायकल शर्यतींतली. असा फिल्टर धुऊन, वाळवून, पुन्हा तेल देऊन वर्षानुवर्षे वापरता येतो. तेल देताना हात आखडता ठेवावा. घडीच्या माथ्यावर एक बारीक रेघ पुरे. मग वीस मिनिटे थांबावे आणि लाल रंग कापडात आपोआप पसरू द्यावा. घाईने सगळीकडे फवारले, तर जास्तीचे तेल हवेबरोबर जाऊन सेन्सरच्या तापलेल्या घटकावर बसते आणि मोजणी फिरते. फोमचे आणि कोरड्या कृत्रिम धाग्यांचे फिल्टरही आहेत; जपानच्या एचकेएसचा छत्रीच्या आकाराचा फिल्टर त्यातला. फिल्टरांची तुलना आयएसओ ५०११ या पद्धतीने, ठरावीक चाचणी-धूळ सोडून केली जाते. ज्याचे असे आकडे प्रसिद्ध आहेत तो फिल्टर पसंत करावा. रस्त्यावरच्या धुळीत सिलिका असते. ती पिस्टनच्या रिंगा झिजवते, आणि झीज उघडकीला येते तेव्हा गाडी तेल जाळायला लागलेली असते.

आवाजही याच नळीतून येतो. ८६मध्ये कारखान्यानेच इनटेकच्या नळीला एक फाटा काढून तो फायरवॉलमधून केबिनकडे नेला आहे, ‘साउंड क्रिएटर’ नावाने, चालकाला इंजिनाची गर्जना ऐकू यावी म्हणून. काही संचांत त्यासाठी जोडणी ठेवलेली असते, काहींत भोक बुजवावे लागते. आवाजासाठी इनटेक बदलणे यात गैर काही नाही, ते स्वतःशी मान्य करावे एवढेच. मोठा आवाज झाला की गाडी जास्त पळते असे वाटते. किती पळते ते घड्याळ लावून पाहावे.

ते पाहायला महाग साधने लागत नाहीत. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचा स्वस्त रीडर आणि फोन पुरे. बदलाआधी आणि नंतर, एकाच रस्त्यावर, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, इनटेकमधल्या हवेचे तापमान नोंदवावे. या गाड्यांत तो सेन्सर एअरफ्लो सेन्सरमध्येच आहे. सोबत ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे संगणक पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, पाहावा. तो आधी दोन-तीन टक्के होता आणि नंतर बारा-पंधरा झाला, तर संच मोजमाप बिघडवतो आहे किंवा सेन्सरनंतरच्या एखाद्या सांध्यातून न मोजलेली हवा शिरते आहे. क्लिपा पुन्हा आवळून तपासावे. तरीही आकडा खाली आला नाही, तर संच परत करावा.

कायद्याची बाजू देशागणिक वेगळी. कॅलिफोर्नियात हवा-संसाधन मंडळाचा ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ क्रमांक मिळालेलाच संच रस्त्यावर चालतो, आणि त्या क्रमांकाची पट्टी बॉनेटखाली चिकटवावी लागते. बे एरियात अशी गाडी बाळगणाऱ्या मराठी माणसाने स्मॉग तपासणीआधी ती पट्टी जागेवर आहे ना, हे पाहावे. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला, असे दाखवावे लागते. भारतात ही जोडगोळी अधिकृतपणे विकली गेली नाही. इतर स्पोर्ट्स कारच्या मालकांना येथे मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ लागू पडते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

काढलेला मूळ एअरबॉक्स, त्याच्या क्लिपा आणि रबरी बुशांसकट, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवावा. गाडी विकताना खरेदीदार तो मागतो, आणि तपासणीच्या आदल्या रात्री तो परत बसवायला तासभर लागतो.