दुभागलेल्या जनावरांमधला करार

प्राचीन पश्चिम आशियात करार नुसता बोलून भागत नसे. जनावर कापावे लागे. सीरियातील मारी येथे इ.स.पू. अठराव्या शतकातील मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतल्या एका पत्रात राजा झिम्री-लिमचा अधिकारी कळवतो की, तहासाठी लोकांनी कुत्र्याचे पिल्लू आणले होते. आपण ते चालवून घेतले नाही, गाढवीचे शिंगरूच कापायला लावले.

कापण्यामागचा हेतू असिरियाच्या एका तहात उघड दिसतो. असुर-निरारी पाचवा याने अर्पादचा राजा मतिइलु याच्याशी केलेल्या तहात कोकरू आणले, पण बळी म्हणून नव्हे. शपथ मोडली तर कोकराच्या मुंडक्याची गत तीच मतिइलूच्या मुंडक्याची, असे कलमच त्यात आहे. मतिइलु तरीही फिरलाच, इ.स.पू. 740 मध्ये अर्पाद पडले.

बायबलमधील उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात देव आणि इस्राएलचा मूळपुरुष अब्राम यांच्यातल्या करारासाठी याच धर्तीचा विधी येतो. अब्राम कालवड, शेळी आणि एडका दुभागून अर्धे अर्धे समोरासमोर मांडतो. पक्षी तेवढे कापत नाही. मढ्यांवर उतरणारी गिधाडे हाकलतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, आणि अंधारात त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी व पेटती मशाल सरकत जाते. त्यांच्या रूपाने जातो तो देव. अब्राम जातच नाही. करारभंगाची शिक्षा देवाने स्वतःवर ओढवून घेतली, हा ख्रिस्ती भाष्यकारांचा आवडता अर्थ. कथा तसे बोलून दाखवत नाही, पण तिचा कल त्याच बाजूला आहे.

माणसे जेव्हा खरोखर तुकड्यांमधून गेली तेव्हाची हकीकत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात आहे. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला, तेव्हा राजा सिद्कीया आणि सरदारांनी वासरू दुभागून इब्री गुलामांना मुक्त करण्याची शपथ घेतली. मिसरी सैन्य येताच वेढा उठला आणि त्याच गुलामांना धन्यांनी पुन्हा जुंपले. यिर्मयाने त्यांना वासराचीच गत सुनावली. इ.स.पू. 586च्या सुमारास शहर पडले.

त्याच यिर्मयाच्या 31व्या अध्यायात मात्र नव्या कराराचे वचन आहे: नियम हृदयावर लिहिला जाईल, पापाची आठवण राहणार नाही. येशूने शेवटच्या भोजनात प्याला देताना या नव्या कराराचा संबंध स्वतःच्या रक्ताशी जोडला. त्याच रात्री येशूला अटक होताच शिष्य पळाले, त्यांच्यातल्या पेत्राने तीनदा त्याची ओळख नाकारली. प्रभुभोजनाच्या विधीत आजही याच कराराचे शब्द उच्चारले जातात.